निस्तारपत्रक : एका उघड दप्तराचे गुप्तत्व

शासकीय गुपितांविषयीचा १९२३ चा कायदा ज्या कागदांसाठी झाला, त्यांत खेड्यातील चराई-सरपणाच्या नोंदी कधीच मोडत नव्हत्या. तरीही चंद्रपूर व १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, ह्या वनप्रदेशांत गावकऱ्यांच्या हक्काचा जो पुरावा, तोच त्यांच्या नजरेआड राहिला.

१९५० च्या मध्यप्रदेश कायद्याने मालगुजारी व जमीनदारी संपुष्टात आली आणि त्यांच्याकडील जंगले सरकारजमा झाली. गवत, बांबू, जळाऊ लाकूड ह्यांवरील गावाचा वहिवाटी वापर, म्हणजेच निस्तार, आता कागदावर काय लिहिले आहे ह्यावर अवलंबून राहिला. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने (१९६६) कलम १६१ अन्वये निस्तारपत्रक करण्याचे काम जिल्हाधिकाऱ्याकडे सोपविले. मसुदा गावात प्रसिद्ध करावा व रहिवाशांची इच्छा जाणून घ्यावी, असे ते कलम सांगते. प्रसिद्धी सांगितली ती मसुद्याची. अंतिम पत्रक कचेरीचे होते.

ह्या दप्तराची भाषाही लक्षात घेण्याजोगी आहे. 'वाजिब-उल-अर्ज' म्हणजे 'निवेदन करण्यास योग्य ते'. हा अरबी शब्दबंध फारसी कारभारातून मराठी कचेरीत आला. पण ज्यांच्या वहिवाटी त्यात नोंदवावयाच्या, त्यांपैकी अनेकांची घरची बोली गोंडी किंवा माडिया. दप्तर उघडे असूनही ते वाचता न येणे, हे गुप्ततेचेच एक रूप होय. त्यास शिक्क्याची गरज नसते.

माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने (२००५) स्थानिक भाषेचा विचार करून माहिती प्रसृत करण्यास सांगितले. परंतु ह्या जिल्ह्यांच्या दृष्टीने अधिक नेमकी तरतूद वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांत आढळते : ग्रामसभेने वा वनहक्क समितीने लेखी मागणी केल्यास अधिकाऱ्यांनी अभिलेखाची प्रमाणित प्रत द्यावी व आवश्यक तेथे तिचा खुलासाही करावा. मागणारी येथे एकटी व्यक्ती नसून गाव आहे, हा फरक लहान नव्हे.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावाने कायदे व कागद एकत्र बसून वाचण्यासाठी अभ्यासगटाची प्रथा त्यापूर्वीच रुजविली होती. २००९ मध्ये त्यास सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्काचा अभिलेख मिळाला. देशातील अशा पहिल्या अभिलेखांपैकी तो एक. तरीही बांबूच्या वाहतुकीचे परवाने वनखात्याच्याच हाती राहिले, आणि परवानापुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन होण्यास एप्रिल २०११ उजाडावा लागला.