निर्देशांची मोजणी आणि नियतकालिकांची पत

पूर्वसूरींचें ऋण मान्य करण्याची रीत विद्वानांच्या जगांत जुनी आहे. निबंधाच्या तळाशीं किंवा शेवटीं आधीच्या लेखांचा जो निर्देश केला जातो, तो ह्या ऋणाचाच उच्चार होय. परंतु ऋणाच्या ह्या नोंदी मोजून नियतकालिकांची प्रतवारी लावावी, ही कल्पना विसाव्या शतकांतली आहे. आणि तिचा उगम एका साध्या गरजेंत आहे. १९२७ सालीं अमेरिकेंतील पोमोना कॉलेजांतल्या ग्रॉस व ग्रॉस ह्या दोघां लेखकांनीं रसायनशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकांतील निर्देश मोजले. महाविद्यालयाच्या ग्रंथालयानें कोणतीं नियतकालिकें घ्यावीं, एवढाच त्यांच्यापुढें प्रश्न होता.

पुढें १९५५ सालीं यूजीन गारफील्ड ह्यानें सर्व शास्त्रांतील निर्देशांची सूची करण्याची योजना मांडली. १९७५ च्या सुमारास त्याच्या संस्थेनें नियतकालिकांचा वार्षिक ताळेबंद प्रसिद्ध करावयास आरंभ केला. त्यांतील ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ नांवाचा आंकडा आज जगभर प्रसिद्ध आहे. त्याचें गणित सोपें आहे. मागील दोन वर्षांत नियतकालिकानें छापलेल्या लेखांचा चालू वर्षीं सर्वत्र मिळून किती वेळां निर्देश झाला, तें पाहावयाचें, आणि त्या संख्येस त्या लेखांच्या संख्येनें भागावयाचें.

ह्या निर्देशांत त्याच नियतकालिकानें स्वतःचे केलेले निर्देशही मोजले जातात. असा स्वनिर्देश मुळांत दोषास्पद नाहीं. पुण्यास १९१० सालीं स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचेंच उदाहरण घ्यावें. मंडळाच्या त्रैमासिकांत जुने कागद छापले गेले. त्यांच्या आधारें त्याच त्रैमासिकांत लिहिणाऱ्या अभ्यासकाला मागील अंकाचा हवाला देणें भागच असतें. ज्या विषयाचे जाणकार थोडे व प्रकाशनाचीं साधनें त्याहून थोडीं, तेथें असें होणारच.

दोष शिरतो तो हेतूंत. एखाद्या नियतकालिकाचे दोन वर्षांचे शंभर लेख आहेत आणि त्यांचे निर्देशही शंभरच झाले आहेत, असें समजावें. म्हणजे त्याचा आंकडा एक झाला. आतां संपादकानें चालू वर्षाच्या पन्नास लेखकांस ‘आमच्या अलीकडील लेखांपैकीं दोहोंचा उल्लेख करा’ असें सुचविलें, कीं निर्देश दोनशें होतात आणि आंकडा एकाचा दोन होतो. ज्ञानांत भर कांहींच पडली नाहीं, पण प्रत दुपटीनें वाढली! ही केवळ कल्पना नव्हे. २०१२ सालीं ‘सायन्स’ ह्या नियतकालिकांत विल्हाइट व फाँग ह्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. तींत उत्तर देणाऱ्या दर पांच संशोधकांपैकीं सुमारें एकानें, संपादकाकडून अशी सक्ती झाल्याचें सांगितलें.

ताळेबंद ठेवणाऱ्यांनीं ह्यावर उपाय योजले. स्वनिर्देश वगळून येणारा आंकडाही ते देऊं लागले, आणि अतिरेक करणाऱ्यांस यादींतून वगळूं लागले. २०१३ सालीं अशा रीतीनें साठांहून अधिक नियतकालिकांचे आंकडे रोखण्यांत आले. त्यांत ब्राझीलमधील चार वैद्यकीय नियतकालिकेंही होतीं. त्यांच्यावरचा ठपका निराळाच होता. स्वतःचा निर्देश करण्याऐवजीं त्यांनीं एकमेकांचे निर्देश केले होते. आपली पाठ आपण थोपटण्याऐवजीं साटेंलोटें केलें होतें.

भारतांत ह्या आंकड्याला पोटापाण्याचें महत्त्व आलें तें २०१० नंतर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्या वर्षींच्या नियमांनीं अध्यापकांच्या बढतीस गुणांची अट घातली, आणि वरच्या आंकड्याच्या नियतकालिकांतील लेखास अधिक गुण दिले. छत्रपती संभाजीनगरांत, पुंडलिकनगरसारख्या वस्तींत राहून महाविद्यालयांत शिकविणाऱ्या तरुण अध्यापकाच्या दृष्टीनें हा आंकडा म्हणजे पगार व पद ह्यांचा प्रश्न झाला. गरजूंची अशी गर्दी जमतांच दुकानें उघडलीं. ह्या दुकानदारांस स्वनिर्देशाचीही तसदी नको होती. कित्येकांनीं इम्पॅक्ट फॅक्टर सरळ खोटाच सांगितला.

हें उघडकीस आणण्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठांतील भूषण पटवर्धन व त्यांचे सहकारी ह्यांनीं आयोगाच्या मान्य यादींतील, विद्यापीठांच्या शिफारशीनें आलेलीं १,००९ नियतकालिकें तपासलीं. २०१८ च्या मार्चांत ‘करंट सायन्स’मध्यें त्यांचा निष्कर्ष आला: त्यांपैकीं शेंकडा ८८ हून अधिक निकृष्ट असावींत. त्याच वर्षींच्या मे महिन्यांत आयोगानें ४,३०५ नांवें यादींतून काढलीं. पुढें पुण्यांतील केंद्राच्या साहाय्यानें ‘केअर’ नांवाची नवी यादी २०१९ सालीं निघाली. तीही २०२५ च्या फेब्रुवारींत बंद करण्यांत आली, आणि निवडीचा भार पुन्हां विद्यापीठांवर व अध्यापकांवर आला.

म्हणजे प्रश्न पुन्हां १९२७ च्या ग्रंथालयाच्या दारीं येऊन ठेपला आहे: कोणतें नियतकालिक घेण्याजोगें? मोजणीनें त्या ग्रंथालयाला मदत झाली, कारण मोजले जाणारे लेखक मोजणीसाठीं लिहीत नव्हते. आज ते तसें लिहितात. म्हणून अध्यापकाची योग्यता ठरविणाऱ्या समितीनें नियतकालिकाचा आंकडा पाहून थांबूं नये. त्याचा लेख उघडून वाचावा, आणि तळाशीं दिलेले निर्देश कोणाचे व कशासाठीं आहेत, हेंही पाहावें.