परदेशस्थ जमैकन समाज आणि मायदेशाचा विकास

जमैका हा कॅरिबियन समुद्रातील सुमारे २८ लाख लोकवस्तीचा द्वीपदेश आहे. जवळपास तितकेच जमैकन आणि जमैकन वंशाचे लोक देशाबाहेर, मुख्यत्वे अमेरिका, ब्रिटन व कॅनडा येथे राहतात, असा सर्वसाधारण अंदाज आहे. हा समाज पैसा, कौशल्य, गुंतवणूक आणि संघटित साहाय्य या मार्गांनी मायदेशाशी जोडलेला आहे. त्याने पाठवलेल्या पैशावर असंख्य घरे चालतात. परंतु त्या पैशातून देशाचा विकास कितपत साधतो, हा जमैकात दीर्घकाळ चर्चिला गेलेला प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

गुलामगिरीच्या अंतानंतर (१८३८) उसाच्या मळ्यांबाहेर रोजगार दुर्मीळ झाला आणि जमैकन मजूर पनामा कालवा, कोस्टा रिकातील केळीचे मळे व क्युबातील साखर कारखाने यांकडे वळले. २२ जून १९४८ रोजी ‘एम्पायर विंडरश’ या जहाजातून आलेले कॅरिबियन प्रवासी इंग्लंडमधील टिलबरी बंदरात उतरले. त्यांत जमैकनांची संख्या मोठी होती. ब्रिटनने १९६२च्या कायद्याने प्रवेशावर निर्बंध घातले, तर अमेरिकेने १९६५मध्ये आपले नियम सैल केले. परिणामी स्थलांतराचा ओघ न्यूयॉर्क, फ्लोरिडा आणि टोरांटोकडे वळला.

ब्रिटनमधील बँका या नवागतांना सहसा कर्ज देत नसत. तेव्हा त्यांनी ‘पार्डनर’ ही मायदेशातील पद्धत तेथे रुजवली. प्रत्येक सभासदाने दर आठवड्याला ठरावीक रक्कम (‘हँड’) भरावयाची आणि जमलेली सर्व रक्कम (‘ड्रॉ’) पाळीपाळीने एकेकास द्यावयाची, असे तिचे स्वरूप असते. महाराष्ट्रातील भिशीशी तिचे साम्य स्पष्ट आहे. अनेकांच्या पहिल्या घराची अनामत या पार्डनरमधून उभी राहिली.

धनप्रेषण

२०१९मध्ये जमैकात परदेशातून सुमारे २.४ अब्ज अमेरिकी डॉलर आले. पुढील वर्षी कोविडच्या साथीने पर्यटन ठप्प झाले, परदेशस्थांच्याही नोकऱ्या गेल्या. तरीही ही रक्कम २.९ अब्ज आणि २०२१मध्ये सुमारे ३.५ अब्ज डॉलरपर्यंत वाढली. संकटकाळी वाढणारे असे परकीय चलन दुसरे क्वचितच असते. नातलगांना पाठवलेला हा पैसा अन्न, औषधे, शाळेचे शुल्क आणि वीजबिल यांवर खर्च होतो. त्यास अनुत्पादक म्हणण्याची प्रथा आहे. परंतु मुलाचे शिक्षण अनुत्पादक ठरवणे योग्य नव्हे.

पैशाबरोबर वस्तूही येतात. नाताळापूर्वी कपडे, तांदूळ, डबाबंद खाद्यपदार्थ यांनी भरलेली पिंपे बंदरात उतरतात. आईवडील परदेशी आणि मुले आजीकडे, अशा घरांतील मुलांना जमैकात ‘बॅरल चिल्ड्रेन’ म्हणजे पिंपांवर वाढणारी मुले म्हणतात. स्थलांतराची ही किंमत धनप्रेषणाच्या आकड्यांत दिसत नाही.

कौशल्य आणि संस्था

२०००च्या सुमाराच्या जनगणनांवर आधारित अभ्यासांनुसार उच्चशिक्षित जमैकनांपैकी पाचांतील चारांहून अधिक देशाबाहेर होते. परिचारिका व शिक्षक घडवण्याचा खर्च जमैकाने करावयाचा आणि सेवा न्यूयॉर्क वा लंडनने घ्यावयाची, असा हा व्यवहार आहे. त्याची अंशतः भरपाई परदेशस्थ डॉक्टरांच्या वैद्यकीय शिबिरांतून होते. शाळांच्या माजी विद्यार्थी संघटनांचे कार्य तुलनेने अधिक टिकाऊ आहे. न्यूयॉर्क, टोरांटो, लंडन येथील त्यांच्या शाखा शिष्यवृत्त्या, संगणक आणि प्रयोगशाळांसाठी निधी उभारतात. मात्र साहाय्य आपापल्या शाळेला मिळत असल्याने नामांकित शाळांचा लाभ अधिक आणि खेड्यातील शाळांचा कमी होतो.

शासनाने १९९३मध्ये परतणाऱ्या नागरिकांसाठी घरसामानावरील जकातीत सवलत देणारी योजना सुरू केली. निवृत्तीनंतर परतलेल्यांची मँडेव्हिल परिसरातील घरे प्रसिद्ध आहेत. २००४पासून परदेशस्थांची परिषद साधारणतः दर दोन वर्षांनी भरते.

गुंतवणूक

परदेशस्थांची बचत रोख्यांद्वारे विकासाकडे वळवावी, असा विचार कॅरिबियनमध्ये वारंवार मांडला गेला आहे. भारताने १९९८मध्ये अनिवासी भारतीयांकडून अशा रोख्यांद्वारे सुमारे ४.२ अब्ज डॉलर उभारले होते. असे रोखे विश्वासावर विकले जातात. जमैकाने २०१० आणि २०१३ या दोन्ही वर्षी देशांतर्गत सरकारी रोख्यांची अदलाबदल करून धारकांना कमी व्याज आणि लांबलेली मुदत स्वीकारावयास लावली. त्यानंतर सार्वजनिक कर्ज लक्षणीयरीत्या घटले असले, तरी आत्याच्या हाती पैसे देणे आणि कोषागाराला देणे यांतील अंतर पुरते मिटलेले नाही.

राजकीय हक्क

परदेशात राहून जमैकाच्या निवडणुकीत मतदान करता येत नाही. शेजारच्या डॉमिनिकन प्रजासत्ताकाने २००४पासून परदेशस्थ नागरिकांना मतदानाची सोय दिली आणि २०१२पासून त्यांच्यासाठी संसदेत सात जागाही ठेवल्या. जमैकाच्या राज्यघटनेतील ४०व्या कलमानुसार स्वेच्छेने परकीय सत्तेशी निष्ठा पत्करलेली व्यक्ती संसदेची सदस्य होऊ शकत नाही. राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना ही अट बाधत नाही. त्यामुळे टोरांटोत नागरिकत्व घेतलेला जमैकन परतून बारा महिने राहिल्यास उमेदवार होऊ शकतो, न्यूयॉर्कमध्ये घेतलेला मात्र नाही. २००८मध्ये न्यायालयाने अमेरिकी नागरिकत्वाच्या कारणावरून एका संसद सदस्याची निवड रद्द ठरवली. नागरिकत्व सोडून ते पुढील वर्षी पोटनिवडणुकीत पुन्हा निवडून आले.