चार चाकांचा समेट

कसबा पेठ ही पुण्यांतील सर्वांत जुनी पेठ. कसबा गणपतीच्या देवळाकडून तांबट आळीकडे किंवा कुंभारवाड्याकडे जाणारे बोळ मोटारीसाठीं कोणी आंखलेले नाहींत. ते माणसांचे, घोड्यांचे आणि बैलगाड्यांचे रस्ते. अशा एखाद्या बोळाच्या काटकोनी वळणावर बैलगाडी कशी वळत असेल, हें क्षणभर डोळ्यांपुढें आणूं या. आंतल्या बाजूचें चाक जवळजवळ जागच्या जागीं रेंगाळे आणि बाहेरचें चाक मोठा फेरा घेऊन येई. तरी दोघांचें भांडण होत नसे. कारण आंस स्थिर असे आणि त्यावर प्रत्येक चाक आपल्यापुरतें मोकळें फिरे. बैल गाडी ओढीत. चाकांना फिरविण्याचें काम कोणाकडेच नव्हतें.

यंत्र आलें आणि हा सुखाचा संसार मोडला. यंत्र खुद्द आंसालाच फिरवूं लागलें. एकाच आंसावर घट्ट बसविलेल्या दोन चाकांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. मग वळणावर एकानें तरी फरफटत गेलें पाहिजे. या अडचणीवर १८२७ सालीं फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर या घड्याळजीनें वाफेच्या गाडीसाठीं दंतचक्रांची एक जोडणी योजून तिचें पेटंट घेतलें. तिलाच आज आपण डिफरन्शियल म्हणतों. ही जोडणी यंत्राचा जोर दोन्ही चाकांना सारखा वांटते. फेऱ्यांचा हिशेब मात्र ज्याचा त्याच्यावर सोपविते.

परंतु या समदृष्टींतच तिचा दोष दडलेला आहे. एक चाक चिखलांत गेलें कीं त्याला जोर पेलतां येत नाहीं. तें नुसतें गरगरतें. वांटणी सारखीच असल्यानें कोरड्या जमिनीवरील दुसऱ्या चाकालाही तितकाच क्षीण जोर मिळतो, आणि गाडी जागची हालत नाहीं.

मग चारही चाकांना जोर द्यावा, ही कल्पना सहज सुचणारी होती. १९०३ सालीं हॉलंडमधील स्पायकर कारखान्यानें तशी मोटार बनविलीही. येथें मात्र नवा प्रश्न उभा राहतो. वळतांना पुढचीं चाकें मागच्या चाकांपेक्षां मोठ्या वर्तुळावरून जातात. म्हणजे पुढच्या जोडींत एक आणि मागच्या जोडींत एक अशीं दोन डिफरन्शियलें असूनही या दोन जोड्यांचा आपसांत समेट करणारें तिसरें, मधलें डिफरन्शियल लागतें.

दुसऱ्या महायुद्धांतील जीपमध्यें हें तिसरें डिफरन्शियल नव्हतें. १९४१ ते १९४५ या काळांत अमेरिकेंत सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. त्यांत एका दांड्यानें पुढचीं चाकें जोडावयाचीं किंवा सोडावयाचीं, एवढीच सोय होती. चिखलांत तीं जोडावीं, कारण तेथें चाकें थोडीं घसरून आपला ताण आपणच मोकळा करतात. पक्क्या रस्त्यावर सोडावीं, कारण तेथें घसरण्यास वाव नसतो आणि तो ताण टायरांवर व दंतचक्रांवर सांठत जातो. युद्धानंतर महिंद्रा कंपनीनें मुंबईंत जीप जुळविण्यास आरंभ केला आणि महाराष्ट्राच्या कच्च्या रस्त्यांना ही रीत परिचित झाली. १९९८ सालीं बाजारांत आलेल्या, पुण्याजवळ पिंपरी-चिंचवड येथें तयार झालेल्या टाटा सफारीच्या चार चाकी जोराच्या प्रकारांतही हीच रीत होती.

दुसरी परंपरा इंग्लंडांत वाढली. १९७० च्या रेंज रोव्हरमध्यें चारही चाकांना सदैव जोर मिळे. मधलें डिफरन्शियल होतें आणि गरज पडल्यास तें आवळून टाकण्याची सोयही होती. १९८० सालीं जर्मनीच्या आउडी क्वात्रोनें हीच कल्पना वेगवान मोटारींत आणली. पुढें जपानच्या सुबारू कंपनीनें इम्प्रेझा मोटारीच्या कांहीं प्रकारांत चालकाच्या हाताशीं एक लहान चक्रच दिलें. विद्युच्चुंबकाच्या साह्यानें मधलें डिफरन्शियल पूर्ण सैल, पूर्ण आवळ किंवा या दोहोंमध्यें कोठेंही ठेवतां येई. आणि ज्याला ही दगदग नको त्याच्यासाठीं स्वयंचलित योजनाही होती. ही परंपरा आपल्या दारींही आली. २००८ सालीं टाटांनीं लँड रोव्हर कंपनी विकत घेतली आणि २०११ पासून तिच्या कांहीं गाड्या पुण्यांत जुळविल्या जाऊं लागल्या.

आतां व्यवहाराकडे वळूं. कोरड्या डांबरी रस्त्यावर, आणि विशेषतः पेठेंतील आंखूड वळणांवर, मधलें डिफरन्शियल सैल किंवा स्वयंचलित ठेवावें. पावसांत ताम्हिणी किंवा वरंध घाट चढतांनाही आवळण्याचा मोह टाळावा. ओला डांबरी रस्ता म्हणजे चिखल नव्हे. तेथें स्वयंचलित योजना उत्तम. सैल खडीच्या रस्त्यावर सुबारूसारखी सोय असल्यास मधला मार्ग धरतां येतो. चिखल, वाळू किंवा दाट बर्फ समोर आलें, तर रुतण्यापूर्वींच, हळू वेगांत आणि शक्य तों सरळ जातांना आवळावें; आणि पक्की जमीन लागतांच सोडावें.

हें न पाळल्यास काय होतें? आवळलेली गाडी वळण्यास नाखूष असते. सुकाणूं फिरविलें तरी तिचें नाक वळणाबाहेर जाऊं पाहतें. दरीकडेच्या वळणावर याचा अर्थ काय, तें सांगावयास नको. आणखी एक भ्रम घातक आहे. चारही चाकांना जोर मिळाला म्हणजे गाडी निघते लवकर. परंतु ती थांबते मात्र इतर गाड्यांइतकीच. ओल्या घाटांत उतरतांना खरा आधार टायरांचा, ब्रेकांचा आणि आवरलेल्या वेगाचा असतो.

सैल सोडणें म्हणजे दुबळेपणा आणि आवळणें म्हणजे सामर्थ्य, अशी समजूत पुष्कळांची असते. पेकरपासूनचा हा इतिहास तसें सांगत नाहीं. कोणतीही एक स्थिति सर्व जमिनींना पुरली नाहीं, म्हणूनच तर दांडा आला, कुलूप आलें, आणि शेवटीं तें लहान चक्र आलें. पुढील वाट उतरून पाहावी आणि मगच बैलांना इशारा द्यावा, ही गाडीवानाची जुनी संवय. ते चक्र फिरविणाऱ्या हातालाही तीच हवी.