त्या चार घरांचं काय झालं? रिद्धपूरचा ताम्रपट आणि जमिनीची मालकी

रिद्धपूर म्हटलं की महानुभाव पंथ आठवतो, गोविंदप्रभू आठवतात, आता तिथलं मराठी भाषा विद्यापीठही आठवतं. आज मात्र आपण त्याच्याही सात-आठशे वर्षं मागे जाणार आहोत. मोर्शी तालुक्यातल्या या गावात वाकाटकांच्या काळातला एक ताम्रपट सापडला. तो आहे चक्क जमिनीचा दस्त.

दस्त करून देणारी बाई आहे, प्रभावतीगुप्ता. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची राणी. नवरा गेला तेव्हा मुलं लहान होती, म्हणून कारभार तिनंच पाहिला. हा ताम्रपट मात्र त्यानंतरचा, मुलगा दुसरा प्रवरसेन याच्या राज्याच्या १९व्या वर्षातला, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकातला. गादीवर मुलगा बसलाय, पण दान आई स्वतःच्या नावानं करते. तिच्या ताम्रपटांत गोत्रही माहेरचंच येतं, धारण. मला हे भारी वाटतं.

तिनं दिलं काय? अश्वत्थनगर गावातलं एक शेत, एक घर आणि शेतकऱ्यांची चार घरं. घेणारे पराशर गोत्राचे ब्राह्मण.

ही चार घरं लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचंय.

आधी कायद्याचं बघू. एखादी वस्तू ‘माझी’ होते कशी? गौतम धर्मसूत्रात याची यादीच आहे: वारसा, खरेदी, वाटणी, बेवारस वस्तू ताब्यात घेणं आणि सापडलेलं धन. हे मार्ग सगळ्यांना खुले. त्यापुढे वर्णाप्रमाणे जादा मार्ग येतात. ब्राह्मणाला दान, क्षत्रियाला जिंकलेलं, वैश्य आणि शूद्राला कामाचा मोबदला. म्हणजे राबणाऱ्याला राबण्याची मजुरी मिळणार, ज्या जमिनीवर तो राबला ती जमीन नाही. वर्ण सोडले तर आजची यादी फार वेगळी नाही: वारसा, मृत्युपत्र, खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र. शिवाय मूळ मालकानं दावा न लावता दुसऱ्यानं १२ वर्षं उघडपणे, मालक म्हणूनच जमीन ताब्यात ठेवली, तर तोही एक मार्ग. (सातबारावर नाव लागलं म्हणजे मालकी मिळाली असं बरेच जण धरून चालतात. ती नोंद खरी मानली जाते, पण उलट पुरावा येईपर्यंतच.)

दानाच्या कागदात बारीक अक्षरातल्या अटी कशा असायच्या, हे बघायला रिद्धपूरहून लांब जायला नको. अमरावती जिल्ह्यातच, अचलपूरजवळ चम्मक गाव आहे. तिथला ताम्रपट प्रवरसेनाच्या १८व्या वर्षातला, म्हणजे आदल्याच वर्षीचा. मधू नदीच्या काठचं चर्मांक गाव, राजाच्या मापानं ८००० भूमी, १००० ब्राह्मणांना दिलं. सवलतींची यादी तर बघा: कर नाही, सैनिकांनी गावात शिरायचं नाही, मीठ खणायचा राजाचा हक्क सोडला, वेठबिगार सोडली, जमिनीत पुरलेलं धन निघालं तर तेही घेणाऱ्याचं. वेठबिगार राजानं सोडली खरी, पण ती थांबली की नव्या मालकाकडे गेली, हे पत्रा सांगत नाही.

आणि मग येतात टर्म्स अँड कंडिशन्स. चंद्रसूर्य असेपर्यंत जमीन तुमची, पण राज्याविरुद्ध द्रोह करायचा नाही, चोरी, व्यभिचार, ब्रह्महत्या करायची नाही, राजाला विष घालायचं नाही, लढाई करायची नाही, दुसऱ्या गावांना त्रास द्यायचा नाही. यातलं काही केलं, किंवा करणाऱ्याला साथ दिली, तर राजानं जमीन काढून घेतली तरी ती चोरी ठरणार नाही. शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. राजानंही दिलेलं परत घेतलं तर ती एरवी चोरीच, हे त्यात मान्य केलेलं आहे.

आता १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा उघडा, कलम १२६. देणारा आणि घेणारा यांनी मिळून ठरवलं असेल, तर अमुक घटना घडल्यावर बक्षीस रद्द होऊ शकतं. मात्र ती घटना देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नको. ‘मला वाटेल तेव्हा परत घेईन’ अशी अट असली तर ते बक्षीसच बाद. चम्मकच्या अटी घेणाऱ्यांच्या वागण्यावर आहेत, तेवढं ठीक. पण द्रोह झाला की नाही हे ठरवणार कोण? राजाच! तिथं गोम आहे.

आता ती चार घरं. घरं दिली म्हणजे आत राहणारी माणसंही दिली का, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला वाटतं, शेताबरोबर शेतकऱ्यांची घरं मोजून दिली, ती कुणी रिकामी दिली नसणार. घेणाऱ्यांचं गोत्र, शाखा सगळं कोरलंय. घरात राहणाऱ्यांची फक्त संख्या, तीही घरांची.

पुढे इंग्रजी अमलात वऱ्हाडात रयतवारी आली आणि खातेदाराचं नाव कागदावर चढलं. पण खातेदार आणि कसणारा एकच असेल असं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या वाहितीत असूनही कूळ ते कूळच. ते बदललं मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन (विदर्भ प्रदेश) अधिनियम, १९५८ या कायद्यानं. पात्र कुळांकडे १ एप्रिल १९६१ पासून जमिनीची मालकी आली, किंमत हप्त्यांनी फेडायची. गौतमाच्या यादीत नसलेला मार्ग: जमीन कसली म्हणून मालक.

पण याच कायद्याच्या कलम १२९ मध्ये एक सूट आहे. सार्वजनिक पूजास्थानाच्या संस्थेची जमीन असेल आणि सगळं उत्पन्न त्याच कामाला लागत असेल, तर तिथल्या कुळाला हा मालकीचा हक्क लागू होत नाही. म्हणजे देवाधर्माला दान गेलेल्या अशा जमिनीवर जो राबत होता, तो १९६१ नंतरही कूळच राहिला.