दोन पाने आणि एक फूल : गोव्याचा जनमत कौल ख्रिस्ती समाजाच्या बाजूने पाहताना

गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावे की गोवा केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा, या प्रश्नावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेण्यात आला. विलीनीकरणासाठी ‘फूल’ व वेगळेपणासाठी ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. ३४,०२१ मतांच्या फरकाने प्रश्नाचा निकाल लागला. आपल्या जुन्या मराठी घरांतून या निकालाची आठवण निघते, तेव्हा बहुधा एकच वाक्य ऐकू येते : ख्रिस्ती लोकांनी मराठीला नाकारले. हे वाक्य कितपत खरे आहे, हे त्या समाजाच्या जागी उभे राहून तपासावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आकडेच पाहू. त्या काळी गोव्यातील ख्रिस्ती लोकसंख्या चाळीस टक्क्यांच्या आत होती. दोन पानांना मात्र वैध मतांपैकी पंचावन्न टक्क्यांहून अधिक मते मिळाली. झाडून सारा ख्रिस्ती समाज एका बाजूला गेला असे धरले, तरी उरलेली मते हिंदू मतदारांचीच असली पाहिजेत. इतकेच नव्हे, तर विलीनीकरणाविरुद्धची मोहीम चंद्रकांत केणी यांच्या संपादकत्वाखालील ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकाने लढवली. मराठी वाचणाऱ्या गोमंतकीयांना मराठीतूनच ‘विलीन होऊ नका’ असे सांगितले जात होते. तेव्हा धर्माची रेघ मतपेटीपर्यंत सरळ गेली नव्हती, हे उघड आहे.

मग दुरावा आला कोठून? आमच्या मते त्याचे मूळ श्रद्धेत कमी आणि लिपीत व शिक्षणात अधिक आहे. १६१६ साली राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. एका इंग्रज जेझुइटाने नवख्रिस्ती गोमंतकीयांसाठी रचलेला सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत आहे. त्या पिढ्यांच्या ख्रिस्ती गोमंतकीयांना ओवी परकी नव्हती. मात्र ग्रंथ छापला गेला तो रोमी अक्षरांत. पुढे १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंदे दे आल्व्होर यांनी फर्मान काढले, की रहिवाशांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. घरातली कोकणी फर्मानाने मेली नाही. परंतु तिसवाडी, बार्देश व साष्टी या जुन्या काबिजादींतील ख्रिस्ती माणसाचा देवनागरीशी असलेला संबंध मात्र तुटला. अठराव्या शतकात पोर्तुगिजांकडे आलेल्या नव्या काबिजादींत देवळे राहिली, कीर्तने राहिली आणि त्यांच्यासोबत मराठी पोथीही राहिली. अशा रीतीने एकाच बोलीची माणसे दोन लिप्यांत वाढली.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि दोनच वर्षांनी, डिसेंबर १९६३ मध्ये, पहिली निवडणूक झाली. दयानंद बांदोडकर यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष विरोधी बाकांवर बसला. बहुजन समाजाला विलीनीकरण हवे होते ते केवळ भाषाप्रेमामुळे नव्हे. भाटकाराच्या सत्तेखालून सुटण्याची ती वाट त्यांना दिसत होती, आणि त्या आकांक्षेचे मोल कमी लेखता येणार नाही.

ख्रिस्ती समाजाची भीतीही तितकीच व्यावहारिक होती. पोर्तुगीज व रोमी लिपीत शिकलेल्या तरुणाला मराठी कारभारात नोकरी कोण देणार? मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झालेला, मग माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराने जगावे कसे? आणि चिमुकल्या गोव्यात ज्याचा शब्द ऐकला जातो, त्या समाजाला एवढ्या मोठ्या राज्यात कोण विचारणार? हा मुंबईचा किंवा मराठी माणसाचा द्वेष नव्हता. या समाजाचे तियात्र १८९२ साली मुंबईतच जन्मले होते आणि अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पोट मुंबईवरच चालत होते.

याच सुमारास चर्चमध्येही मोठे स्थित्यंतर घडत होते. पहिल्या निवडणुकीच्याच महिन्यात, डिसेंबर १९६३ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाव देणारा दस्तऐवज संमत केला. लॅटिनच्या जागी मिस्सा हळूहळू कोकणीत होऊ लागली. जी भाषा स्वयंपाकघरात व चाकरमाणसांत बोलायची म्हणून शिष्ट ख्रिस्ती घरांत दुय्यम समजली जाई, ती वेदीवर चढली. त्यामुळे १९६७ मध्ये कोकणीसाठी उभे राहणे म्हणजे पोर्तुगिजांकडे परत वळणे नव्हते. ते आपल्या मूळ भूमीकडे परतणे होते.

निकालानंतरचा इतिहासही ध्रुवीकरणाच्या सोप्या चित्रात बसत नाही. दोनच महिन्यांनी त्याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केले. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा कायदा संमत झाला आणि ३० मे रोजी गोवा राज्य झाले. त्या कायद्याने कोकणीला राजभाषा केले व मराठीलाही शासकीय वापरात स्थान दिले. पण त्यात कोकणी म्हणजे देवनागरी लिपीतील कोकणी! जिच्यासाठी ख्रिस्ती समाज झटला, तिच्या राजवस्त्रात त्याची रोमी अक्षरे बाहेरच राहिली. १९९० नंतर अनुदानासाठी चर्चच्या अनेक प्राथमिक शाळांनी इंग्रजी सोडून देवनागरी कोकणी माध्यम स्वीकारले, आणि २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाला अनुदान देण्याच्या निर्णयावरून पुन्हा वादळ उठले. रोमी लिपीला समान दर्जा मिळावा ही मागणी आजही उभी आहे. जिंकलेल्यांच्या पदरीही काही उणे राहतेच.

आम्ही आयुष्यभर सरकारी कागद हाताळले. अर्ज कोणत्या भाषेत स्वीकारायचा, या साध्या प्रश्नावर एखाद्या कुटुंबाचा मान कसा अवलंबून असतो, हे त्या खुर्चीवरून दिसते. ज्या काळात गोव्याने कौल दिला, त्याच काळात बेळगावच्या प्रश्नावर महाजन आयोगाचे काम चालू होते. तेथे मोठ्या राज्यात आपली भाषा बुडेल ही भीती मराठी माणसाची होती. गोव्यात तीच भीती ख्रिस्ती माणसाची होती, आणि तिच्यासमोर उभे राज्य मराठी होते. परभाषिक राज्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना ही भीती कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. जो न्याय आपण बेळगावसाठी मागतो, तो साष्टीच्या मतदाराला नाकारून आपली बाजू बळकट होत नाही. ‘ख्रिस्तपुराणा’ची मराठी ज्यांच्यासाठी लिहिली गेली, ते लोक मराठीचे कधीच शत्रू नव्हते, त्यांच्या हातून तिची अक्षरे काढून घेतली गेली होती, एवढे जरी आपण ध्यानी घेतले, तरी घरोघरी चालत आलेले ते वाक्य उच्चारण्यापूर्वी आपली जीभ क्षणभर थांबेल.