आईच्या नात्यानं मिळणारा देश

आपण देशाला मातृभूमी म्हणतो. भारतमाता म्हणतो. पण परदेशात जन्मलेल्या मुलाला केवळ आई भारतीय आहे म्हणून भारताचं नागरिकत्व मिळावं, ही गोष्ट आपल्या कायद्याला मान्य व्हायला 1992 साल उजाडावं लागलं. तोवर वडील भारतीय असतील तरच परदेशी जन्मलेलं मूल वंशानं भारतीय ठरत असे. आई भारतीय आणि वडील परदेशी असतील, तर आईच्या नात्याला त्या कलमात जागा नव्हती.

हा विषय काही विलायतेतल्या मोजक्या श्रीमंत घरांचा राहिलेला नाही. मी पनवेलजवळ करंजाडे इथं राहतो. सिडकोच्या भूखंडांवर उभ्या राहिलेल्या इमारतींची ही वस्ती. शेजारीच नवी मुंबईचा विमानतळ आहे. त्याचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झालं आणि 25 डिसेंबरपासून विमानं उडू लागली. रायगड-रत्नागिरीकडची माणसं जहाजावर आणि आखातात कामाला जातात, ही रीत तर त्याच्या कितीतरी आधीची. आता मुलीही जातात, नोकरी करतात, तिथंच लग्न करतात. मग नातवंडं मस्कतला नाहीतर दुबईला जन्माला येतात आणि इकडं आजी-आजोबांना प्रश्न पडतो, हे मूल कोणत्या देशाचं?

जगात या प्रश्नाची दोन जुनी उत्तरं आहेत. एक मातीचं: जिथं जन्म, तो देश. दुसरं रक्ताचं: आईबापांचा जो देश, तोच मुलाचा. अमेरिकेनं 1868 सालच्या चौदाव्या घटनादुरुस्तीत मातीचं उत्तर लिहून ठेवलं. फ्रान्सनं 1804च्या नेपोलियनच्या संहितेत रक्ताचं उत्तर निवडलं, आणि रक्त म्हणजे बापाचं रक्त, असा त्याचा अर्थ युरोपभर रूढ झाला.

आपल्या घटना समितीत ऑगस्ट 1949मध्ये या विषयावर मोठा खल झाला. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख यांना केवळ मातीचं उत्तर पसंत नव्हतं. मुंबईत काही तास थांबलेल्या परदेशी प्रवासी जोडप्याला इथं मूल झालं, तर तेवढ्यावर ते भारताचं नागरिक व्हावं का, असं त्यांचं विचारणं होतं. डॉ. आंबेडकरांनीही सांगून टाकलं की, एखादं कलम सोडलं तर या कलमाइतकी डोकेदुखी मसुदा समितीला दुसऱ्या कशानं झाली नाही. फाळणीनं लाखो माणसं इकडची तिकडं झाली होती, त्यामुळं या डोकेदुखीचं कारण उघड होतं.

या घाईगर्दीतही घटनेनं एक गोष्ट नीट केली. पाचवं कलम असं की, घटना लागू होताना ज्याचं कायम वास्तव्य भारतात आहे आणि ज्याच्या आईवडिलांपैकी कोणीही एक भारतात जन्मलेलं आहे, तो भारताचा नागरिक. आठवं कलम परदेशात राहणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी. तिथंही आईवडिलांपैकी कोणी, किंवा आजी-आजोबांपैकी कोणी, अशीच भाषा आहे. म्हणजे 1950च्या घटनेनं आईला बापाच्या बरोबरीनं बसवलं होतं.

घटनेनं पुढचे नियम करण्याचं काम अकराव्या कलमानं संसदेवर सोपवलं. त्यातून 1955चा नागरिकत्व कायदा आला. त्याच्या चौथ्या कलमानं ठरवलं की, 26 जानेवारी 1950 रोजी किंवा नंतर परदेशात जन्मलेलं मूल, जन्माच्या वेळी वडील भारताचे नागरिक असतील तर भारतीय. आई गाळली गेली. हे कलम 1948च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्याच्या शेजारी ठेवून पाहिलं, तर साम्य लपत नाही. तिथंही फक्त बापाचंच नातं मोजत. स्वतः परदेशात जन्मून वंशानं नागरिक झालेल्या बापाच्या मुलाची नोंद वकिलातीत एका वर्षात करायची, ही अटही तिकडचीच, 1922 सालापासूनची. घटना लिहिताना आपण आपल्या डोक्यानं विचार केला आणि कायदा लिहिताना जुना साचा हाताशी घेतला, असं मला हे वाचताना वाटतं.

याचा परिणाम कोणावर होत होता? शकुंतला परांजपे यांचं उदाहरण घ्या. रँग्लर परांजप्यांची ही मुलगी युरोपात शिकली, जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत तिनं काम केलं आणि रशियन चित्रकार युरा स्लेप्टझॉफ यांच्याशी लग्न केलं. त्यांची कन्या म्हणजे सई परांजपे. सईंचा जन्म 1938चा आणि भारतातला, त्यामुळं इथं हा प्रश्नच आला नाही. पण अशाच एखाद्या मराठी बाईला 1960 साली जिनिव्हात मूल झालं असतं, तर ते वंशानं भारतीय ठरलं नसतं. घटस्फोट होऊन आई एकटीनं त्याला पुण्यात वाढवत असती, तरीही नाही. तिला वेगळी नोंदणी करण्यासाठी सरकारकडं अर्ज करावा लागला असता. भारतीय बापाला मात्र तोच हक्क आपोआप होता.

यात आपण एकटे मागं होतो असंही नाही. पश्चिम जर्मनीनं आईला हा हक्क 1975मध्ये दिला, ब्रिटननं 1983मध्ये, जपाननं 1985मध्ये. बोत्स्वानात युनिटी डाऊ नावाच्या वकील बाईंनी अमेरिकी नवऱ्यापासून झालेल्या आपल्या मुलांसाठी स्वतःच्या सरकारविरुद्ध दावा लावला आणि 1992मध्ये तो अपिलातही जिंकला. आपल्याकडं त्याच वर्षी संसदेनं चौथं कलम बदललं. 10 डिसेंबर 1992पासून 'वडील'ऐवजी 'आईवडिलांपैकी कोणीही एक' असे शब्द आले. घटनेतली 1950ची भाषा कायद्यात यायला जवळजवळ 43 वर्षं लागली.

मात्र ही दुरुस्ती मागच्या तारखेनं लागू झाली नाही. एकाच भारतीय आईची आणि परदेशी बापाची दोन मुलं, एक 1990ला जन्मलेलं आणि दुसरं 1994ला, यांच्यात कायद्यानं अशी भिंत उभी राहिली की धाकटं जन्मानं भारतीय आणि थोरलं नाही.

पुढचा बदल 3 डिसेंबर 2004चा. तोवर पहिल्या पिढीचं मूल कागद नसला तरी नागरिक असे. आता जन्माची नोंद भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत झाली पाहिजे. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. शिवाय मुलाकडं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं आईवडिलांनी लिहून द्यावं लागतं.

आमच्या इमारतीतल्या एका आजींना हे कोणी सांगितलंच नव्हतं. मुलगी मस्कतला, जावई श्रीलंकेचा, नातू आठ महिन्यांचा. त्या म्हणाल्या, "सर, मुलगी आमची, मग नातूही आमचाच ना? त्याला आणखी कागद कशाला?" मी म्हटलं, "मावशी, नातू तुमचाच आहे, पण सरकारदरबारी तो भारताचा व्हायला चारच महिने उरलेत. आणि त्याआधी जावयानं तिकडचा पासपोर्ट काढला, तर नोंद होणार नाही. दोघांना बसून ठरवायला सांगा." त्यांनी त्याच रात्री फोन लावला. कोणता देश घ्यायचा हे ठरवणं त्या नवरा-बायकोचं काम. पण मुदत टळून गेल्यामुळं ते आपसूक ठरू नये, एवढंच.

आखातात तर हे अधिकच महत्त्वाचं, कारण परदेशी आईवडिलांच्या मुलाला तिथं केवळ जन्मामुळं नागरिकत्व मिळत नाही. ज्या देशांत जन्मामुळं मिळतं, तिथल्या मुलांसाठी वेगळी अट आहे. वकिलातीत नोंद होऊन भारतीय ठरलेल्या मुलाकडं दुसरं नागरिकत्वही असेल, तर अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत त्यानं ते सोडायचं. नाही सोडलं, तर भारताचं जातं.

परदेशातून बाळ झाल्याचा फोन येतो तेव्हा आपण वजन विचारतो, नाव काय ठेवणार ते विचारतो. त्याच फोनवर, वकिलातीत नोंद कधी करणार, हेही विचारावं. आईला हा हक्क मिळायला 43 वर्षं लागली. तो वापरायला तिच्या हाती वर्षभराचाच अवधी असतो.