विस्कटलेला क्रम : 'फिरदौस' आणि राणीच्या बागेतला हत्ती

तुमच्या हातात एखादं साधन आलं की पहिला प्रश्न कोणता विचारता? बहुतेक जण विचारतात, 'यात लिहिलंय काय?' माझं म्हणणं, आधी बघा की ते कुठल्या क्रमानं ठेवलं होतं. अभिलेखागारात याला 'मूळ क्रम' म्हणतात. पत्रांचा गठ्ठा कुणी हौसेनं तारखेवार लावून टाकला, तर ज्याचा गठ्ठा होता त्यानं कोणतं पत्र कशाशेजारी ठेवलं होतं, ते गेलंच समजा.

आता उदाहरण जरा वेगळं घेऊ. मुंबईच्या 'कोशिश' या बँडचा पहिलाच अल्बम, 'फिरदौस', २०१३ साली आला. संगीत प्रोग्रेसिव्ह रॉक आणि मेटलच्या सीमेवरचं, शब्द मात्र हिंदी. 'इंडिपेंडन्स रॉक' १९८६ला सुरू झालं तेव्हापासून या शहरातलं रॉक मुख्यतः इंग्रजीतच गायलं जायचं, त्यामुळे हिंदी निवडणं हीच एक भूमिका होती. पण त्यांचं खरं धाडस पुढे आहे. सगळी गाणी मिळून एक कथा होते, आणि गाणी मात्र मुद्दाम क्रम विस्कटून दिलेली. खरा क्रम ऐकणाऱ्यानं शोधायचा, खुणा अल्बमच्या चित्रांमध्ये. पहिल्याच अल्बमला असला जुगार! फक्त आठ गाणी धरली तरी ४०,३२० क्रम होतात, म्हणजे नुसतं अंदाजानं काही हाती लागणार नाही.

भायखळ्याला या, म्हणजे मुद्दा डोळ्यांनी दिसेल. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीला पोर्तुगीजांनी 'एलिफंटा' नाव दिलं ते याच्यामुळे. तो फुटला, त्याचे तुकडे १८६४ साली इथे बागेत आणले आणि १९१४ साली जोडले. मधली पन्नास वर्षं तो हत्ती नव्हता, दगडांचा ढीग होता. (शाळेच्या सहलीत हे कुणी सांगत नाही. सगळे माकडं बघायला पळतात.)

दगडाचं एक बरं असतं, तुटलेले काठ एकमेकांशी जुळतात. गाण्याला असा काठ नसतो. 'कोशिश'नं ते काठ छापील चित्रांत ठेवले. म्हणजे इथे कव्हर ही सजावट नाही, तो पुराव्याचाच भाग आहे.

आता समजा, तीस वर्षांनी कुणी या काळातल्या मुंबईच्या संगीतावर पीएचडी करतंय. त्याच्याकडे फक्त आवाजाच्या फायली आहेत. फायलींना आकडे दिलेले असतात, एक, दोन, तीन. तो त्यालाच कथेचा क्रम धरणार आणि त्यावर अख्खं प्रकरण लिहिणार. ऐकलेलं सगळं बरोबर, तरी कथा चुकलेली. आणि गाईडलाही ते कळणार नाही, कारण फायलींत काहीतरी कमी आहे हे फायली सांगत नाहीत.

सीड्या आज रद्दीत चालल्यात. ही अडचण मला म्हणूनच भविष्यातली वाटत नाही. तुमचा विषय याच्या जवळपास असेल तर मुलाखतीला जाताना गाणी नंतर मागा, आधी पुस्तिका मागा. पुढचं-मागचं पान, आतली घडी, तबकडीवरचं चित्र, सगळ्याचे फोटो काढा, फाटलेलं असलं तरी. आणि फोटोंना नावं देताना पानं ज्या क्रमानं होती तोच ठेवा.